लेस्टर, नॉरिच, स्लाउ: इंग्लंडमधील गावांच्या नावांच्या उच्चाराला काही नियम आहे का?

चैत्रपालवी (प्रश्न)

माझी मुलगी येत्या सप्टेंबरमध्ये उच्च शिक्षणासाठी लेस्टरला जात आहे. त्यानिमित्ताने घरात सध्या इंग्लंडचा नकाशा पसरलेला असतो आणि त्यावरील नावे वाचताना माझा गोंधळ वाढतच चालला आहे. अक्षरांप्रमाणे ‘लायसेस्टर’ किंवा ‘लीसेस्टर’ वाचावे असे हे नाव प्रत्यक्षात ‘लेस्टर’ आहे. त्याच धर्तीवर ‘वुस्टर’, ‘ग्लॉस्टर’ आणि ‘बिस्टर’ लक्षात ठेवले, तर ग्लॉस्टरशरमधल्याच सायरन्सेस्टरमध्ये मात्र एकही अक्षर गाळायचे नाही असे समजले. मँचेस्टरमध्ये ‘स’च्या जागी ‘च’ येतो. नॉरिचमधला ‘व’ गळतो आणि पूर्वेकडच्या त्याच भागातल्या इप्स्विचमधला टिकतो. ही नावे एकेक करून पाठच करायची, की त्यांच्यामागे काही सूत्र आहे? शिवाय मराठीत लिहिताना अक्षरांना धरून लिहावे की उच्चाराला, हेही जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ

पाठांतर काही अंशी करावे लागेलच, पण ही विसंगती निष्कारण नाही. आपण दिलेली पहिली सगळी नावे एकाच घराण्यातली आहेत. रोमन लष्करी तळाला लॅटिनमध्ये ‘कास्त्रा’ म्हणत. हा शब्द जुन्या इंग्रजीत गेला, तेव्हा त्याच्या आरंभी ‘च’ हा उच्चार आला, आणि रोमन वस्तीच्या जागी किंवा तिच्या अवशेषांजवळ वसलेल्या गावांच्या नावांना तो जोडला गेला. मँचेस्टर आणि चेस्टर यांनी तो ‘च’ जपला. उत्तरेकडे, जिथे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचा प्रभाव होता, तिथे लँकेस्टर आणि डॉन्कॅस्टर असा ‘क’ राहिला. 1066 नंतर राज्यकारभार नॉर्मन लोकांच्या हाती गेला आणि त्यांच्या फ्रेंच वळणाच्या उच्चारामुळे काही नावांत ‘च’चा ‘स’ झाला, असे सामान्यतः मानले जाते. लेस्टर, ग्लॉस्टर आणि वुस्टर ही त्या गटातली नावे होत.

यापुढची झीज इंग्रजीतील आघाताने केली. इंग्रजी बोलणारा शब्दातील एका अवयवावर जोर देतो आणि उरलेले अवयव ओझरते उच्चारतो. शतकानुशतके ओझरते राहिलेले अवयव अखेरीस गळून पडतात. ही प्रक्रिया आपल्याला अपरिचित नाही. प्रतिष्ठानचे पैठण झाले, शूर्पारकाचे सोपारा झाले आणि करहाटकाचे कऱ्हाड झाले. फरक इतकाच की आपण पैठण म्हणू लागलो आणि पैठणच लिहू लागलो, तर लेस्टरच्या लोकांनी उच्चार बदलला आणि जुनी अक्षरे तशीच ठेवली. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केल्यावर पुढच्या दोन शतकांत इंग्रजी लेखन हळूहळू स्थिरावत गेले, बोलणे मात्र बदलत राहिले.

इंग्रजांना लेखन बदलणे जमलेच नाही असेही नाही. एक्सेटर हे नाव पाहावे. ते मुळात ‘एक्सनचेस्टर’सारखे, म्हणजे याच घराण्यातले, पण तिथे उच्चाराबरोबर लेखनही आखडले, त्यामुळे एक्सेटर वाचताना कोणी अडखळत नाही. लेस्टरच्या बाबतीत ते घडले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता, आणि मला तर ते मनापासून आवडले असते.

मिडलंड्सवासी

वरील विवेचनात एक भर घालतो, कारण उलट दिशेचा प्रवासही इथे सर्रास झाला आहे. शिक्षण आणि रेल्वे यांचा प्रसार झाल्यावर बाहेरचे लोक फलकावरील अक्षरे वाचून नावे उच्चारू लागले आणि पुष्कळदा तेच उच्चार रूढ झाले. सायरन्सेस्टरचा ‘सिसिटर’ असा आखूड उच्चार पूर्वी प्रचलित होता. आजचा पूर्ण उच्चार अक्षरांवरून आलेला आहे. लंडनमधील लुइशम हे याहून स्पष्ट उदाहरण आहे. त्यातील ‘स’ पहिल्या भागाचा आणि ‘ह’ हा ‘हॅम’ म्हणजे वस्ती या दुसऱ्या भागाचा; परंतु इंग्रजीत ती दोन अक्षरे शेजारी आली की ‘श’ वाचण्याची सवय असल्याने नावाचा सांधाच सरकला.

आपल्या मुलीला लेस्टरमध्ये रोज लागतील अशा काही गोष्टी सांगतो. शेवटचा ‘हॅम’ हा ‘अम’ इतकाच म्हणावा: नॉटिंगम, बर्मिंगम. शेवटचा ‘शायर’ हा ‘शर’ होतो. डर्बीला डार्बी म्हणतात. जवळच्या लफ्बरामधील पहिली पाच अक्षरे आणि लंडनच्या पश्चिमेकडील स्लाउमधील शेवटची पाच अक्षरे तीच आहेत. उच्चार मात्र एकीकडे ‘लफ’ आणि दुसरीकडे ‘लाउ’. लेस्टरशरमधील बेल्व्हॉर किल्ल्याला ‘बीव्हर’ म्हणतात. सुंदर देखावा या अर्थाचे हे फ्रेंच नाव स्थानिक इंग्रजी जिभेवर असे उतरले. ग्रोबी या गावाचे नाव ‘ग्रूबी’ आहे. खुद्द लेस्टरच्या जुन्या रहिवाशांच्या तोंडी शेवटचा ‘टर’ जवळजवळ ‘टो’ असा ऐकू येतो. तो ओळखता यावा एवढ्यासाठी सांगितले, त्याचे अनुकरण करण्याची गरज नाही. नवे नाव समोर आले की रेल्वेतील आणि बसमधील उद्घोषणा कान देऊन ऐकाव्यात. ‘हे नाव आपण कसे उच्चारता?’ असे विचारले तर इथे कोणी हसत नाही, कारण परगावचे इंग्रजही तेच विचारतात.

मुद्रितशोधक

लेखनाच्या प्रश्नापुरते लिहिते. देवनागरीत उच्चाराला धरूनच लिहावे असे माझे ठाम मत आहे. ‘लीसेस्टर’ हे रूप धड इंग्रजी लेखन दाखवत नाही आणि उच्चारही दाखवत नाही. तरीही मराठी क्रीडावार्तांमध्ये ते टिकून आहे. अजिंक्य रहाणे 2024 मध्ये त्या परगण्याच्या संघाकडून खेळला, तेव्हा नाव नीट लिहिण्याची चांगली संधी होती. झहीर खान 2006 मध्ये ज्या संघाकडून खेळला, त्याचे नावही ‘वुस्टरशर’ असेच लिहायला हवे. मराठीला हे नवीन नाही. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतील ‘ग्रीनिच’मध्ये ‘व’ केव्हाच उरलेला नाही. मूळ उच्चार ‘ग्रेनिच’कडे झुकतो, तरी ते रूप आता आपल्या भाषेत स्थिर झाले आहे आणि ते बदलू नये.

जिथे मराठीत काहीच रूढ नाही, तिथे स्थानिक उच्चार प्रमाण मानावा. अडचण येते ती गावकऱ्यांचेच एकमत नसते तेव्हा. पुण्यातल्या बिस्किटांमुळे आपल्याला माहीत असलेले श्रूझबरी हे त्यातलेच गाव आहे: तिथले काही रहिवासी ‘श्रूझबरी’ म्हणतात, काही ‘श्रोझबरी’, आणि दोन्ही बाजू आपापल्या उच्चाराबद्दल आग्रही आहेत. अशा वेळी मराठीत आधीपासून जे चालत आले आहे, ते मी तसेच ठेवते.