तुमच्या पेटीतलं पहिलं हत्यार कोणतं?

मलप्रभाकाठ: काल खानापूरच्या वखारीत ओल्या सागाचा वास आला आणि बाबांची सुतारकामाची पेटी आठवली. त्यांनी सगळं एकदम घेतलं नव्हतं. आधी करवत, हातोडी, काटकोन बघायचा गुण्या. मग लाकूड कोरायच्या पटाश्या: पाव, अर्धा नि एक इंची. लाकूड गुळगुळीत करायचा रंधा सगळ्यात शेवटी, तोही वापरलेला. धार लावायला आल्याशिवाय रंध्याला हात लावू द्यायचे नाहीत. आता लेक स्वतःची पेटी करायची म्हणतेय. तुम्ही कशी जमवलीत?

उद्यमबाग: पटाशी! गाडीच्या कमानपाट्याच्या (स्प्रिंगच्या) पोलादाची, लोहाराकडून ठोकून घेतलेली. बाभळीची मूठ, वर लोखंडी कडं, त्यामुळं घाव बसून मूठ फुटत नाही. नवी पटाशी आणली तरी आधी पाठ दगडावर सपाट करा. पाठ सपाट नसेल तर धार येतच नाही.

निपाणीची सून: कुकर लावलाय, पटकन लिहिते. मामंजी बैलगाडीची चाकं करायचे. हातात कायम लाकूड तासायचा वाकस. चाकावरची लोखंडी धाव तापवून चढवायचे नि वर पाणी ओतायचं, अशी आवळून बसायची!

शहापूरवाला: @निपाणीची सून, होय की! आम्ही पोरं घागरी घेऊन उभी. त्या वाफेचा आवाज अजून कानात आहे. आता गाडीच कुठं दिसते, सगळे ट्रॅक्टर.

जांबोटी: लेकीचं कौतुक वाटलं. गुण्या घेताना दुकानातच तपासा. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, मग उलटा करून त्याच जागी दुसरी. दोन्ही जुळल्या तर खरा. मी ऑनलाइन मागवलेला फाकलेला निघाला, परत पण घेतला नाही त्यांनी. आणि पेटीत भुसा ठेवू नका, आमच्याकडच्या पावसात ओल धरतो.

उद्यमबाग: आत्ता बघितलं. जुळल्या 👍

निपाणीची सून: बाबांची पेटी आहे का हो अजून?

मलप्रभाकाठ: आहे, चंदगडला दादाकडं. रंधा पुतणीला देतो म्हणालाय. बाबा गेले, पण दादा दर खंडेनवमीला सगळी हत्यारं काढून पुजतो.

शहापूरवाला: आमच्यात पण. ते कुंकू-पाणी मात्र लगेच पुसायला सांगा, नाहीतर पातं गंजतं. वर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा.