कॉम्बिनेशन स्क्वेअर: स्वस्तातला घेतला तर पाप लागतं का?

काजूबाग
कॉम्बिनेशन स्क्वेअर, म्हणजे पट्टीवर सरकणाऱ्या हेडचं, काटकोन आणि 45 अंश आखायचं हत्यार, कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर काल इथे एका सभासदांनी नवशिक्याला सल्ला दिला: "स्टॅरेट नाहीतर मितुतोयो. परवडत नसेल तर लाकूडकामाच्या नादी लागू नका." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

स्टॅरेटचा मान मलाही आहे. लॅरॉय स्टॅरेटने 1880 साली अमेरिकेतल्या ॲथॉल गावात कंपनी काढली ती याच हत्याराच्या जोरावर. पण ते मूळचं लोखंडकामाचं हत्यार. आपण ते सागवानावर आणि प्लायवर लावतो. तीन हेडचा पूर्ण संच इथे आणायचा तर रक्कम पाच आकड्यांत जाते. त्यातलं सेंटर हेड (गोलाचा मध्य काढायचं) आणि प्रोट्रॅक्टर हेड (कोन मोजायचं) किती जणांनी पेटीबाहेर काढलंय?

माझं म्हणणं एवढंच, की नाव विकत घेऊ नका, काटकोन विकत घ्या. तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कारखान्यातली सरळ कड असलेला एमडीएफचा तुकडा घ्या. हेड कडेला घट्ट लावून पट्टीलगत कटरने रेघ मारा. मग स्क्वेअर उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ. वरच्या टोकाला दोन रेघांत जे अंतर पडेल ते चुकीच्या दुप्पट. 200 मिमीवर अंतर 0.2 पडलं तर चूक 0.1, म्हणजे प्रिंटरच्या साध्या कागदाची जाडी. टेननचा (सांध्यातल्या कुसवाचा) खांदा आखायला एवढं चालतं. 45 ची बाजूही बघा: दोन्हीकडून रेघा मारल्या की त्या एकमेकींना काटकोनात छेदल्या पाहिजेत.

पाच-सातशेच्या मालात चांगला नग सापडतो, फक्त निवडून घ्यावा लागतो. 300 मिमीच्या मोहात पडू नका, 150 चा घ्या. हेडची कड जेमतेम बोटभर आणि पट्टी फूटभर, मग टोकाला चूक वाढणारच.

निवृत्त फिटर, वास्को
कुठल्या दुकानात काउंटरवर एमडीएफ ठेवून कटर चालवू देतात ते सांगा. पत्ता द्या, मी उद्याच कदंबाची बस पकडतो. आमच्याकडे तर प्लास्टिकची पिशवी फोडली तरी मालक डोळे वटारतो.

आणि तुम्ही तपासता तो आजचा काटकोन. हेड नरम ओतकामाचं असेल तर खाचेच्या तळाशी पट्टी ज्या दोन उंचवट्यांवर बसते, ते झिजतात. बोल्टचं नाक पट्टीच्या चरात नीट बसत नाही, पट्टी डुलते. दर वेळी स्क्रू आवळला की कोन वेगळा. आयुष्य गोदीत गेलं माझं. हत्यार पहिल्या दिवशी कसं आहे याला किंमत नाही.

काजूबाग
फिटरबाब, म्हणून तर निवडून घ्या म्हणतोय. स्क्रू सोडा, आवळा, परत रेघ मारा. तीनदा रेघ एकाच जागी आली तर घ्या. दुकानदार तयार नसेल तर परत करता येईल असा ऑनलाइन मागवा आणि घरी तपासा.

निवृत्त फिटर, वास्को
म्हणजे चार मागवायचे, तीन परत पाठवायचे. त्या परत गेलेल्या तीनांतलाच एक पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात. छान.

साळगावकरीण
मी हौशी आहे, दोघांना विचारते: हवाच कशाला हा प्रकार? साधा लोखंडी गुण्या घ्या, हलणारा भागच नाही. खाचेची खोली मोजायला वेगळी पट्टी. माझ्या आजोळच्या घरातली एक भिंत दुसरीशी काटकोनात नाही. तिथे कपाट बसवायचं तर 0.1 मिमीची चर्चा ऐकून हसू येतं. कपाट काटकोनात आहे का ते शेवटी कर्ण मोजूनच कळतं.

माझी खरी तक्रार पट्टीवरच्या आकड्यांची. एका बाजूला इंच, थेट चौसष्टांशापर्यंत, आणि मिमी पलीकडच्या बाजूला, तेही उलट्या टोकापासून. इंचाची गरज कोणाला उरलीय?

सूतवाला, फोंडा
आम्हाला उरलीय. गिऱ्हाईक मला येऊन "सातशे वीस मिमी" म्हणत नाही. दोन फूट चार इंच तीन सूत म्हणतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचं अर्धं कर बघू. मी तोंडी सांगतो: चौदा इंच दीड सूत. तुम्ही फोन काढणार.

साळगावकरीण
काढते. 360.4. पण दादा, बाजारात प्लाय 18 मिमीचा येतो आणि तुम्ही सगळे त्याला पाऊण इंच धरता. पाऊण इंच म्हणजे 19.05. कपाटाच्या दोन बाजूंचे मिळून 2.1 मिमी हवेत जातात. मग ड्रॉवर बाजूच्या सरकपट्टीवर, म्हणजे चॅनेलवर, खडखडतो आणि सुतार सांगतो, "बाई, पावसात फुगलं की बसेल."

सूतवाला, फोंडा
मी असं कधी बोललो नाही. आणि चॅनेलला बाजूला किती जागा सोडतेस? साडेबारा-तेरा ना? ती अर्ध्या इंचाची जागा आहे, 12.7. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची. बिजागरीचे स्क्रू इंचात. मिमीचं राज्य आलंय कुठे?

काजूबाग
मूळ विषय कॉम्बिनेशन स्क्वेअर होता हो.

साळगावकरीण
शीटवर 2440 बाय 1220 छापलेलं असतं, चष्मा लावून बघा. देशात दशमान पद्धतीचा कायदा 1956 चा. गोवा मुक्त व्हायच्या आधीचा!

सूतवाला, फोंडा
कायदा वाचून रंधा चालत नाही. माझ्या वडलांनी मत्तीच्या लाकडाचे दरवाजे केले, अजून उघडमिट होतात. एकाही दरवाजाला मिमी लागला नव्हता. दोन यूट्यूब बघून आलेल्यांनी आम्हाला मोजायला शिकवायचं?

साळगावकरीण
यूट्यूबचा काय संबंध? माझ्या स्वयंपाकघरातला खडखडणारा ड्रॉवर मी स्वतः खोलून मोजलाय. ज्यांनी केला ते सुतार पिढीजातच होते.

सूतवाला, फोंडा
मग त्यांच्याशी भांड.

मत्तीच्या सावलीत
भांडण चालू द्या, मधेच एक बोलतो. जूनमध्ये हे तुमचे सगळे स्क्वेअर, स्टॅरेट धरून, गंजणार आहेत. खाचेत भुसा, भुशात ओल. बोल्ट काढा, खाच ब्रशने साफ करा, शिलाई मशीनचं तेल लावून पुसून ठेवा. खोबरेल लावू नका. कालांतराने चिकट होतं आणि भुसा धरून बसतं. डब्यात टाकून "नवीन आहे" म्हणत बसलेल्यांची पट्टी ऑगस्टमध्ये हेडमधून हातोडी मारून काढावी लागते, हे म्हापशात डोळ्यांनी बघितलंय. अर्धे "स्वस्त माल बिघडला" म्हणणारे यातलेच.

निवृत्त फिटर, वास्को
तेलाचं बरोबर. आणि काजूबागवाल्यांना फुकटचं दान म्हणून एक गोष्ट देतो. हेड बिडाचं असेल आणि चूक दर वेळी तेवढीच येत असेल, तर स्क्वेअर सुधारतो. पट्टी काढायची, खाचेतल्या दोनपैकी उंच उंचवट्यावर बारीक सपाट कानस दोनदा फिरवायची, पट्टी बसवून परत रेघ. घाई केली तर उलट बाजूला जाल. चूक दर वेळी वेगळी येत असेल तर कानस बाजूला ठेवा आणि स्क्वेअर भंगारात द्या.

काजूबाग
म्हणजे सातशेचा स्क्वेअर चालतो.

निवृत्त फिटर, वास्को
सातशेचा स्क्वेअर, दोनशेची कानस, आणि माझ्यासारखा रिकामटेकडा म्हातारा. एवढं सगळं जवळ असेल तर चालतो. नवशिक्याकडे यातलं काय आहे? त्याने मधला मार्ग घ्यावा. मापनाची हत्यारं बनवणाऱ्या देशी कंपन्यांचा माल मिळतो की, क्रिस्टील आहे, ग्रोझ आहे. स्टॅरेटच्या मानाने बराच स्वस्त. स्टॅरेट परवडत नाही म्हणून लाकूडकाम सोडायची गरज नाही, एवढं मान्य.

काजूबाग
मान्य केलंत, लिहून ठेवतो.

साळगावकरीण
या कंपन्यांत नुसत्या मिमीची पट्टी मिळते का, दोन्ही बाजूंना?

सूतवाला, फोंडा
मिळाली तर मला कळव, दुकानदाराला सांगून बंद करून घेतो.