आईवडिलांच्या दीर्घ शुश्रूषेसाठी घरचा हिशोब कसा मांडलात?

सासूबाईंना पक्षाघात झाला त्याला अकरा महिने झाले. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधून बरंचसं सुटलं. पण चोवीस तासांची बाई, डायपर, फिजिओ, भाड्याचा फाऊलर बेड (डोक्या-पायाकडून वरखाली होणारा पलंग), यातलं काहीच आमच्या पॉलिसीत बसत नाही. महिन्याला चाळीस हजारांच्या वर जातात आणि हे किती वर्षं चालेल ते कुणी सांगू शकत नाही. तुम्ही काय मोजलंत, काय राहून गेलं, मोकळेपणाने लिहा.

मुलुंड, मुलगी
बाबांना स्मृतिभ्रंश आहे. बाबांच्या एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी मी होते, त्यामुळे निर्धास्त होतो. पण नॉमिनीला पैसे मिळतात ते माणूस गेल्यावर. बाबा तर समोर खुर्चीत बसून पेपर उलटा धरून वाचत होते. मुखत्यारपत्रही करून ठेवलं होतं. वकिलांनी सांगितलं, माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र चालत नाही, त्यांची कायदेशीर पालक म्हणून माझी नेमणूक हवी तर हायकोर्टात जावं लागेल. पैसे बाबांचे, आजार बाबांचा, आणि खर्चासाठी मी माझे दागिने गहाण ठेवले. कळकळीने सांगते, त्यांना कळतंय तोवर खाती जोडनावावर करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी.

लालबाग, मुलगा
आमची खोली पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली; तो भाडेहक्क विकता येतो. अडीनडीला ती विकू, असं सगळेच धरून चाललो होतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून भाडेपावती काढली तर ती अजून आजोबांच्या नावावर! आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. आता पावती नावावर करून घेणं, काका-आत्यांच्या सह्या, घरमालकाचा हिस्सा, हे सगळं निस्तरतोय. तोवर खोलीचा आकडा मी वहीतून खोडलाय.

गोरेगाव
आईबाबांनी २०२३ मध्ये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाख ठेवले (मर्यादा तेव्हाच १५ वरून ३० झाली). दर ८.२ टक्के, पाच वर्षं तोच. प्रत्येकाला तिमाहीला ६१,५०० येतात, त्यात बाईचा पगार भागतो. पण सगळं तिथे अडकवू नका. मुदतीआधी काढलं तर कापून घेतात.

भांडुप
सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. मात्र ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी, घरच्या शुश्रूषेसाठी नाही.

विलेपार्ले, धाकटी मुलगी
आमच्या हिशोबात सगळं होतं: पेन्शन, भाडं, औषधं. मीच नव्हते. आईसाठी मी बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. दादा बंगळूरहून पैसे पाठवायचा आणि आम्हा दोघांनाही वाटायचं की वाटणी बरोबर आहे. गणपतीत तो आठ दिवस राहिला, रात्री माझ्याबरोबर उठला. तिसऱ्या रात्री, आईची चादर बदलताना, त्याने विचारलं, "तुझा पीएफ कोण भरतंय गं?" मी काही बोलले नाही. तेव्हापासून दर महिन्याला माझ्या पीपीएफमध्ये तो साडेबारा हजार भरतो. हिशोबाच्या वहीत आईच्या औषधांखाली आता माझ्या नावाची ओळ आहे.