अनुभव धागा : चेटूक, करणी आणि शाळकरी वयात वाचलेल्या भयकथा

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या भयकथांमध्ये एक सूत्र वारंवार आढळते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या अंगी काही शक्ती असल्याचा सुगावा लागतो, त्याच सुमारास गावातले कोणी नाहीसे होते, संशय तिच्यावर येतो आणि आपण ही सगळी हकीकत तिच्याच तोंडून ऐकत असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी मात्र करणी, भानामती, उतारा हे शब्द पुस्तकांच्या आधी घरात ऐकले, आणि तेही दोन भाषांत. 'माट' (करणी) आणि 'देव्व' (भूत) हे कन्नड शब्द आमच्या गल्लीतली मराठी मुलेही सर्रास वापरत. पुस्तकातले चेटूक आणि गल्लीतले चेटूक यांची गाठ तुमच्या मनात कशी पडली, ते येथे लिहावे, ही विनंती. भूत पाहिल्याचे किस्से नकोत. ज्यांच्यावर कधी आळ आला अशा कोणाचीही ओळख पटेल असा तपशील कृपया देऊ नये.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षिका

मी नववीत होते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला वीज गेली की दोन-दोन दिवस येत नसे, आणि पुण्याच्या मावसबहिणीने दिलेली एक इंग्रजी भयकथा मी कंदिलाच्या उजेडात धाकट्या बहिणीला मराठीत सांगत असे. कथेतल्या मुलीला आजीची वही सापडते. वहीत झाडपाला, मुळ्या आणि न समजणारी चिन्हे असतात, आणि गाव तिला जादूची वही ठरवते. बहीण मध्येच म्हणाली, "अक्का, ही तर आपल्या वरच्या वाडीतली म्हातारी की गं!"

ती म्हातारी एकटी राहत असे. हगवणीवर कुड्याची साल, तान्ह्या मुलाच्या पोटात कळ आली की मुरुडशेंग उगाळून, अशी औषधे ती देई. आणि ज्या घरांनी रात्री तिच्याकडून औषध नेले तीच घरे दिवसा पोरांना तिच्या दारावरून जाऊ देत नसत. एकदा कोणाचे वासरू मेले. तिचीच नजर लागली असे ठरले आणि तेव्हापासून नळावर तिची घागर बाजूला सारली जाऊ लागली. हे सगळे मी लहानपणापासून पाहत आले होते, पण ती कथा वाचेपर्यंत मला त्यात काही वावगे दिसले नव्हते.

पुस्तक संपल्यावर मी आईला न सांगता तिच्याकडे गेले. भीती गेली होती असे मुळीच नाही. उंबऱ्याशी माझे पाय लटपटत होते. तिने पाट दिला, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि काय काम काढलेस म्हणून विचारले. मला काहीच सुचेना, म्हणून मुरुडशेंग कोणत्या झाडाला येते असे मी विचारले, तेव्हा ती मला परसात घेऊन गेली. त्या पावसाळ्यात मी चाळीसेक वनस्पतींची नावे आणि गुण एका वहीत उतरवून घेतले. म्हातारी आता नाही. चौथीच्या मुलांना परिसराचा पाठ शिकवताना मी ती वही वर्गात नेते आणि ती कोणाकडून मिळाली हे आवर्जून सांगते.

बेळगाव, शहापूर, बँक कर्मचारी

१९९०च्या दशकात कर्नाटकात अनेक ठिकाणी दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे कन्नडमध्ये लिहिलेले असे. रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारते, दार उघडणारा दगावतो, पण हे शब्द वाचले की ती परत फिरते, अशी समजूत होती. आमच्या दारावर आजोबांनी ते खडूने लिहिले होते. मला कन्नड अक्षरे तेव्हा वाचता येत नव्हती, त्यामुळे आजोबांनी ती चुकीची लिहिली असतील तर काय, या विचाराने मी जागा राहत असे. शेवटी समोरच्या घरातल्या कन्नड मित्राकडून ती तपासून घेतली, तेव्हा कुठे झोप लागली. पुढे पीयूसीत (अकरावी-बारावीत) असताना भयकथांचे वेड लागले. त्यांतली रक्तपाताची वर्णने आज एकही आठवत नाहीत. आई शेजारी झोपलेली आहे आणि बाहेरून आईच हाक मारते आहे, असा प्रसंग आला की मात्र आजही पुस्तक मिटून ठेवावे लागते.

निपाणी, इंग्रजीचे अध्यापक

पीयूसीच्या मुलांना अशी कथा वाचायला देण्यापूर्वी मी त्यांना सेलमच्या चेटूक-खटल्यांचा इतिहास सांगतो. १६९२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील त्या गावात नऊ वर्षांची बेटी पॅरिस आणि अकरा वर्षांची ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले, मोठी माणसे 'कोणी केले, नाव सांगा' म्हणून मागे लागली, आणि आरोपांची जी साखळी सुरू झाली तिच्यात १९ जणांना फाशी देण्यात आली. जाइल्स कोरी या वृद्धाने खटल्याला सामोरे जाण्यास नकार दिला म्हणून त्याच्या अंगावर दगड रचण्यात आले आणि त्यातच त्याचा जीव गेला. जाळण्यात कोणालाही आले नाही, याचे मुलांना हमखास नवल वाटते. मी वाचलेल्या कुमारकथांतल्या नायिका बहुतेक वेळा तिथल्या आरोपी स्त्रियांचा वारसा सांगतात. आरोप करणाऱ्या मुलीची बाजू फारशी कोणी लिहीत नाही, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. ॲन पुटनम तेव्हा अवघ्या बारा वर्षांची होती. १७०६ साली चर्चमध्ये सर्वांसमोर उभी राहून तिने आपल्याकडून निरपराधांचे बळी गेल्याची कबुली दिली.

हे सांगून झाल्यावर एक विद्यार्थिनी वर्गाबाहेर थांबून राहिली. ती दहा वर्षांची असताना आत्याच्या घरी कपड्यांवर फुल्या उमटत होत्या, भानामती म्हणून देवऋषी आणला होता, आणि सगळे तिलाच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्यामुळे तिने शेजारणीचे नाव घेतले होते. "सर, ती बाई गाव सोडून गेली," एवढेच ती म्हणाली. जादूटोण्याच्या नावाखाली चालणाऱ्या अमानुष प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली कायदा झाला, हे मी दरवर्षी शिकवतो, पण त्या वेळी मला त्यातले काहीही सांगता आले नाही. मी फक्त तिच्याजवळ उभा राहिलो.

संयोजक

निपाणीच्या सरांना एक सुचवावेसे वाटते. त्या मुलीची तयारी असेल तर तिने हे कथारूपाने लिहावे, आणि छापण्याची घाई कोणीही करू नये.

खानापूर, पदवीचा विद्यार्थी

माझा अनुभव लहानसा आहे. भयकथांमुळे वटवाघूळ दिसले की अपशकुन झाला असे वाटे. मग भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांविषयी वाचले. रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ ही दुर्मीळ जात या गुहांत राहते, आणि बराच काळ ती जगात फक्त येथेच आढळते असे मानले जात होते. आता मी लिहीत असलेल्या कथेत गुहा आहे, अंधार आहे, वटवाघळेही आहेत. भीती मात्र गुहेत रात्री मशाल घेऊन शिरणाऱ्या माणसांची आहे.

येळ्ळूर, वय सतरा

मी मराठीत चेटूककथा लिहिते आहे आणि माझी पहिली अडचण शब्दाची आहे. इंग्रजी कथेतली मुलगी 'मी विच आहे' असे ताठ मानेने म्हणू शकते. मराठीत 'मी चेटकीण आहे' असे लिहिले की नाकावर मस असलेली म्हातारी डोळ्यांपुढे येते. म्हणून मी आजीला आपल्याकडच्या भुतांविषयी विचारत गेले, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मला कोणत्याही पुस्तकात आधी भेटली नव्हती. मुंज्या म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच मेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, आणि आजीच्या काळी अशा बायका कित्येकदा माझ्याच वयाच्या असत. आपल्या पिंपळांवर आणि विहिरींवर आपल्याच वयाची मुले बसलेली आहेत, आणि त्यांना घाबरायला आपल्याला शिकवले गेले.

माझी नायिका अमावस्येला तिठ्यावरचा उतारा ओलांडते, तेव्हा तिला हडळ भेटते. ती पळत नाही. ती तिला माहेरचे नाव विचारते. हडळीला ते आठवत नाही, कारण लग्नात बदललेल्या नावानेच सगळ्यांनी तिला हाका मारल्या होत्या, आणि पुढची सगळी कथा ते नाव शोधण्याची आहे. आतापर्यंत चार प्रकरणे झाली आहेत.