मिनेसोटा स्टेट फेअर: दोन लहान मुलं, सासूबाई आणि एकच दिवस. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत सेंट पॉलजवळ राहतो. स्टेट फेअर, म्हणजे राज्याची दरवर्षीची बारा दिवसांची जत्रा, घरापासून वीस मिनिटांवर, तरी गेल्या वर्षी आमचा पार फज्जा उडाला. शनिवारी अकराला निघालो. गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला. आत शिरलो तर धाकटा झोपलेला. तो उठला तेव्हा मोठी रडत होती आणि दोघं एकदाची शांत झाली तेव्हा नवरा आणि मी भांडत होतो. चार तासांत बघितलं काय, तर ती गोणपाटावर बसून यायची उंच घसरगुंडी आणि तीन वेगवेगळ्या रांगांची शेपटं.

यंदा मोठी सहाची, धाकटा साडेतीनचा. शिवाय सासूबाई आल्यात. त्या खटाव तालुक्यातल्या, पुसेगावच्या जत्रेत बैलबाजार बघत वाढलेल्या. फेअरचं नाव काढल्यापासून रोज विचारतात, "जनावरं असतात ना गं?" पण गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासाच्या वर चालवत नाही. आणि शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

मला तीन गोष्टींची चिंता आहे. सासूबाईंना खायला काय द्यायचं, कारण तिथे जे दिसेल ते काडीला टोचून तळलेलं असतं. धाकट्याची दुपारची झोप कशी सांभाळायची. आणि तिसरं जरा नाजूक: तिथे 'मिरॅकल ऑफ बर्थ' नावाची शेड आहे, गाई-मेंढ्या-डुकरिणी सगळ्यांसमोर वितात. मोठी सारखी तेच मागतेय. सहा वर्षांच्या मुलीला दाखवावं का? रात्री झोपेत दचकली तर?

ज्यांनी मुलांना नेलंय त्यांनी कृपया सांगा.

ठेचा_भाकर

पहिली चूक शनिवार, दुसरी अकरा. गेट सकाळी सातला उघडतं. कामाच्या दिवशी रजा टाका, सातला आत आणि एकला बाहेर. धाकटा परतीच्या बसमध्ये झोपेल, प्रश्न मिटला.

गाडीचा नाद सोडा. पार्क अँड राईडला गाडी फुकट लागते, बसही फुकट, थेट गेटाशी सोडतात. बाबागाडी मात्र घडी होणारी आणा, ती ट्रकएवढी नको. चार वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. सासूबाई पासष्टच्या पुढे असतील तर त्यांचं तिकीट स्वस्त पडतं.

कणीस_वेडी

खाण्याचं मी सांगते. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात (दारू सोडून), त्यामुळे सरळ दशम्या, लोणचं आणि दहीभाताचा डबा न्या. लाजू नका. तिथे भाजलेलं कणीस मिळतं, वरची पानं सोलून लोण्यात बुचकळून हातात देतात. लिंबाची फोड आणि तिखटमिठाची डबी पर्समध्ये ठेवा, सासूबाई खूश होतील. आम्ही दरवर्षी नेतो, शेजारच्या बाकावरचे गोरे आजोबा मागून घेतात.

चीज कर्ड (पिठात घोळून तळलेले चीजचे तुकडे) मुलांना आवडतात, पण त्याच्या पिठात अंडं असू शकतं आणि चीजमध्ये रेनेटचा (दूध फाडायला वापरतात, ते वासराच्या जठरातलं असू शकतं) प्रश्न असतोच, तेव्हा विचारल्याशिवाय सासूबाईंना देऊ नका. बादलीभर कुकीज मिळतात त्यांतही अंडं. दुधाचा स्टॉल मात्र बिनधास्त: एकदा पैसे भरायचे आणि हवे तितके ग्लास प्यायचे. आमच्या चिरंजीवांनी चार प्यायले होते. पुढचं सांगत नाही.

लोण्याचा_गोळा

डेअरी बिल्डिंग चुकवू नका. 'प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे' म्हणून दूधवाल्या शेतकऱ्यांची एक प्रतिनिधी निवडतात. ती आणि अंतिम फेरीतल्या बाकी मुली यांचे चेहरे लोण्यात कोरतात, एकेक ठोकळा 90 पौंडांचा. काचेची थंडगार खोली गोल फिरत असते, आत ती मुलगी स्वेटर घालून बसलेली आणि समोर कोरणारा. लिंडा क्रिस्टेन्सन या बाईंनी 1972 पासून जवळजवळ 50 वर्षं हे काम केलं. सासूबाईंना बसायला सांगा, मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. यंदा गोकुळाष्टमीही जत्रेतच येतेय, गोष्ट सांगायला आयती संधी.

तिथून ॲग्रिकल्चर बिल्डिंगमध्ये बिया चिकटवून केलेली चित्रं बघा. रांगोळीवाल्या घरातल्या बाईला ती बघून हात शिवशिवतात, हा स्वानुभव.

भटक्या_बाप

लोणी, बिया, गाई, घसरगुंडी, पाळणे असं सगळं एका दिवसात कोंबलं तर गेल्या वर्षीचंच होईल. फेअरचं मैदान 320 एकरांच्या आसपास आहे. मोठ्यांनी एक, मुलांनी एक, आजीने एक अशी एकेक गोष्ट निवडा आणि बाकीचं पुढच्या वर्षी.

मुलांसाठी माझं मत 'लिटल फार्म हँड्स'ला. फुकट आहे. मुलं टोपली घेऊन शेतातली कामं करतात, माल नेऊन विकतात, मिळालेल्या नोटेवर खाऊ घेतात. आमचा पाच वर्षांचा ते तीनदा करून आला आणि पाळण्यांचं नावसुद्धा काढलं नाही. खिसा वाचला. डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संपत्ती खातं) इमारतीबाहेर माशांचं तळं आहे, तिथे सावलीत बसता येतं.

मुलांच्या मनगटावर पेनने फोन नंबर लिहा. आमचा एकदा सात मिनिटं हरवला होता. ती सात मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

मिनेसोटाची_माई

शेडबद्दल: आमची पाच वर्षांची होती तेव्हा नेलं. ती अजिबात घाबरली नाही, तिला फक्त 'पिल्लू ओलं का?' हे कळत नव्हतं. घाबरलो मी आणि हे. एफएफए या शेतकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेची मुलं आणि जनावरांचे डॉक्टर तिथे असतात, माईकवरून समजावून सांगतात. बारा दिवसांत जवळपास 200 पिल्लं जन्मतात, पण तुम्ही जाल तेव्हा जन्मेलच असं नाही. नाही जन्मलं तर कोकरू हात लावायला मिळतं, तेवढंही पुष्कळ.

आणि खरं सांगू का, तुमच्या घरात याची सगळ्यात जाणकार व्यक्ती सासूबाई आहेत. त्यांनाच विचारा की.

धागाकर्ती (मंगळवारी जाऊन आल्यावर)

सगळ्यांचे मनापासून आभार! सातला नाही, पावणेआठला आत शिरलो, पण आमच्यासाठी तोही विक्रमच. भटक्या_बाप, तुमचा सल्ला मानला. मोठीने शेड निवडली, धाकट्याने लिटल फार्म हँड्स, सासूबाईंनी "तुम्ही कुठं न्याल तिथं".

शेडमध्ये एक गाय आडवी झालेली. बाकांवर दोनेकशे लोक मोबाईल उगारून. सासूबाईंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "खुरं दिसली, आता फार वेळ नाही." नंतर मोठीला जवळ घेऊन, "आधी पुढचे पाय, मग नाक. उलटं आलं तर अवघड." पंधरा मिनिटांनी वासरू खाली. लोक टाळ्या वाजवायला लागले, तर सासूबाई वैतागल्या, "गप बसा की, दचकंल ती." मोठी एकटक बघत होती. दचकलीबिचकली नाही, रात्री आजीजवळ गाढ झोपली. गुडघ्यांचं म्हणाल तर सासूबाई त्या बाकावरून दीड तास उठल्याच नाहीत. वार (वासरामागून पडणारी) पडल्याशिवाय गाईला सोडून कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे लोण्याचे पुतळे राहिले.

निघताना त्यांनी तिथल्या निळ्या जॅकेटातल्या पोराला माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला: या गाईचा चीक कोण नेतं? मी जमेल तसं सांगितलं. तो म्हणाला, आधी वासराला पाजतो. त्या म्हणाल्या, "ते बरोबरच, पण उरलेला?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून घरात खरवसाचा धोशा लागलाय. तर आता नवीन मदत हवी आहे: ट्विन सिटीजच्या (मिनिआपोलिस-सेंट पॉल) आसपास कुठला गोठेवाला चीक देतो का? कुणी आणलाय का? पावडरचा किंवा कन्डेन्स्ड मिल्कचा खरवस सुचवू नका, तो करून झाला आणि नापास झाला.