अनुभव धागा : तीन फुटी टँकमध्ये कोणाचं कोणाशी जमलं?

माझ्या मैत्रिणीने माशांसाठी नवा टँक घेतलाय. ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर साधारण १६० लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर सव्वाशे ते दीडशेच्या मध्ये कुठेतरी. "यात काय काय सोडू?" असं तिने विचारलं. मी सांगायला बसले आणि लक्षात आलं, मला जे कळतं त्यातलं बरंचसं मासे गमावून कळलंय. तिच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा धागा. जमलेल्या जोड्या सांगाच, पण न जमलेल्या आधी सांगा. कुठला मासा, किती होते, टँक केवढा, नेमकं काय बिघडलं, एवढं लिहिलंत तरी पुष्कळ.

माझ्यापासून सुरुवात करते. १० निऑन टेट्रा आणि ४ एंजल. आणले तेव्हा एंजल नाण्याएवढे होते, निऑनचा थवा आला की तेच झाडामागे जायचे. सात-आठ महिने सगळं सुरळीत. मग एका सकाळी निऑन मोजले तर ९ भरले. चार दिवसांनी ८. मेलेला मासा कुठेच नाही. फिल्टर उघडून पाहिला, उडी मारली असेल म्हणून टँकमागची फरशी पाहिली. एकदा रात्री उशिरा दिवा लावला तेव्हा सगळ्यात मोठा एंजल जागच्या जागी स्थिर उभा होता आणि त्याच्या तोंडातून निऑनची लालसर शेपटी बाहेर आली होती. निऑन पूर्ण वाढला तरी साडेतीन-चार सेंटिमीटरचा, अंगाने काडीसारखा. मोकळ्या नदीतही एंजल लहान मासे खातोच. दोष त्याचा नव्हता, निवड माझी होती. तेव्हापासून मी मासा आज केवढा आहे ते बघत नाही, पूर्ण वाढल्यावर त्याचं तोंड केवढं होणार ते बघते.

* * *

ताई, माझ्याकडे उलटं झालं. एंजल मार खाणारे होते.

२ एंजल आणि ५ टायगर बार्ब, असाच तीन फुटी टँक. एंजलच्या पोटाखाली जे दोन लांब दोऱ्यासारखे पर असतात, आठवड्याभरात त्यांचे खुंट राहिले. बार्ब मागून यायचे, एक तुकडा तोडायचे आणि पळायचे. एंजल वळेपर्यंत दुसरा बार्ब दुसऱ्या बाजूने. कोणीतरी सुचवलं की बार्ब थव्यातला मासा आहे, संख्या कमी असली की खोड्या इतरांच्या काढतो, वाढवून बघा. १० केले. फरक पडला, खरंच पडला. आपापसातच पाठलाग सुरू झाले. पण एंजलकडे जाणं कमी झालं, थांबलं नाही. शेवटी एंजल दुसऱ्या टँकमध्ये हलवले.

आता त्या १० बार्बसोबत ८ झेब्रा डॅनिओ आहेत. डॅनिओ चपळ, पर आखूड, त्यामुळे बार्बच्या हाती लागत नाहीत. दोन वर्षं झाली, एकही फाटलेला पर नाही. गप्पी, फायटर, लांब पराचा कुठलाही मासा मात्र बार्बसोबत कधीच नको.

* * *

स्वभावाच्या आधी पाणी बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या टँकमध्ये कोणी कोणाला खाल्लं नाही, कोणी कोणाला चावलं नाही, तरी मासे गेले.

माझ्याकडचं पाणी जड आहे. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, पीएच ७.८ च्या आसपास. त्यात मी निऑन आणि मॉली एकत्र ठेवले, कारण दोन्ही 'शांत' म्हणून सांगितले जातात. मॉली मजेत, निऑन मात्र महिन्याला दोन-तीन कमी. मी औषधं टाकत राहिले. मग पीएच उतरवायचं द्रव टाकलं, तर दोन दिवसांत आकडा पुन्हा जिथल्या तिथे, आणि त्या वरखालीने उरलेलेही दमले. जड पाण्यातले क्षार पीएच धरून ठेवतात, म्हणून तो मागे येतो, हे नंतर कळलं. निऑन मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी. मॉलीला नेमकं जड, पीएच ७ च्या वरचं पाणी लागतं. मऊ पाण्यात मॉली एका जागी थरथरत राहते. दोघांनाही मानवेल असं पाणी मी कुठून आणणार होते?

निऑनचा नाद सोडला आणि पाण्याला साजेसे मासे घेतले : प्लॅटी, मॉली, स्वोर्डटेल. पिल्लं देणाऱ्या माशांत एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीला दम घेऊ देत नाही. आणि पिल्लं नकोच असतील तर फक्त नर घ्या. नुसत्या माद्या आणून भागत नाही. त्या आधीच भरलेल्या असतात आणि एका संगानंतर काही महिने पिल्लं देऊ शकतात. माझ्या ६ प्लॅटींचे वर्षात किती झाले ते मोजायचं मी सोडून दिलं, वाटून वाटून दमले.

* * *

"शेवाळ खाणारा एखादा घ्या" हे वाक्य ऐकून सकर आणू नका. २ इंचांचा असतो तेव्हा गोड दिसतो. साधा सकर फूटभर आणि त्याच्याही वर जातो. तीन फुटी टँकमध्ये त्याला नीट वळताही येत नाही आणि घाण इतकी की फिल्टर पुरत नाही. माझ्याकडे झाला तेवढा मोठा, म्हणून सांगतो.

त्याच्या जागी 'अल्गी ईटर' नावाचा पिवळा मासा मिळाला. तो लहानपणी काच चाटतो, मोठा झाला की शेवाळ सोडतो. एका सकाळी तो माझ्या पर्ल गोरामीच्या कुशीला चिकटलेला दिसला. अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडत होता. गोरामी पळत होता आणि हा लोंबकळत बरोबर. सोडवला तेव्हा गोलाकार लाल चट्टा उमटला होता.

ब्रिसलनोज घ्या, सकरचाच छोटा भाऊ. ५ इंचांच्या आसपास थांबतो, कोणाच्या वाट्याला जात नाही. लाकडाचा एक तुकडा ठेवा, त्यावर रात्रभर घासत बसतो. एकच पुरतो.

* * *

मला तळाच्या माशांबद्दल लिहायचंय, कारण त्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. "सांडलेलं खातील" म्हणून दोन कोरी आणल्या जातात. मीही तसंच केलं होतं. तळाला धारदार खडी होती. काही महिन्यांत दोन्ही कोरींच्या मिशा झिजून अर्ध्या झाल्या आणि एकीच्या तोंडाशी पांढरी बुरशी दिसू लागली.

खडी काढून बारीक गोल वाळू टाकली, कोरी ६ केल्या, आणि त्या आळशी नसतात हे मला पहिल्यांदा दिसलं. कोरी वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसते, घासभर वाळू उचलते आणि कल्ल्यांतून दोन्ही बाजूंनी बारीक धार सोडते. सहाही जणी एका रांगेत हे करत पुढे सरकतात. मध्येच एखादी सुसाट वर जाते, पृष्ठभागावर हवेचा घोट घेते आणि दगडासारखी खाली येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले होते. पण ती हवा आतड्यातून शोषून घेते, अधूनमधून असं करणं तिच्यासाठी नेहमीचं आहे. सगळ्याच मिळून सारख्या वर धावायला लागल्या तर मात्र पाणी तपासा.

त्यांना सांडलेलं पुरत नाही. वरचे मासे काही खाली येऊच देत नाहीत. दिवा बंद केल्यावर बुडणारी गोळी टाकायची, तेव्हा त्यांच्या पोटात जातं.

* * *

वरच्या कोरींच्या अनुभवाला जोडून. क्रिबेन्सिसची जोडी आणि ५ कोरी, हे करू नका. दोन्ही वेगवेगळे बघितले तर शांत. पण क्रिबेन्सिसने नारळाच्या करवंटीत अंडी घातली त्या दिवसापासून अर्धा तळ त्यांचा झाला. बाकीचे मासे इशारा समजून वर गेले. कोरीला तो इशारा कळतच नाही, ती वाळू चाळत पुन्हा पुन्हा तिथेच जाते. माझ्या दोन कोरींचे डोळे गेले. एखाद्या माशाची जोडी जमली की त्याचा स्वभाव बदलतो, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

* * *

ड्वार्फ गोरामीचे दोन नर एकत्र ठेवू नका. एक नर सगळा टँक अडवतो, दुसरा हीटरमागे. एकच नर ठेवा, किंवा हनी गोरामी घ्या, ते बरेच सौम्य.

* * *

एक विचारू का? माझ्याकडे आधीचे दोन गोल्डफिश आहेत. त्यांच्यात थोडे टेट्रा चालतील?

* * *

नका ठेवू. धागा मीच काढलाय, म्हणून मीच सांगते. गोल्डफिश थंड पाण्यातला, १८ ते २२ अंशांत खूश. टेट्रांना २४-२५ लागतं. शिवाय गोल्डफिश घाण खूप करतो आणि मोठा झाला की छोटा टेट्रा गिळतो. त्या दोघांना मोठा टँक द्या आणि त्यांचेच राहू द्या.

* * *

माझी यादी अगदी बरोबर होती. १२ हार्लेक्विन रासबोरा, ८ कोरी, हनी गोरामीची जोडी, १ ब्रिसलनोज. पाणी मानवणारं, तोंडं लहान, वरचा, मधला, तळाचा थर वाटून दिलेला. आणि तरीही पहिल्या दहा दिवसांत ९ मासे गेले, कारण टँक लावला त्याच्या तिसऱ्या दिवशी सगळे एकदम सोडले.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं पाणी बदलून आटोक्यात राहतं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्तीला यायला ४ ते ६ आठवडे घेतात. माझ्या स्पंजमध्ये तेव्हा कोणीच नव्हतं. मासे पृष्ठभागाशी तोंड लावून श्वास घेत होते आणि मी समजत होतो की गोरामी त्यांना त्रास देतोय.

दुसऱ्या वेळी मासे न सोडता, जीवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया घालून टँक तयार केला. आधी रासबोरा, दोन आठवड्यांनी कोरी, मग ब्रिसलनोज आणि गोरामी सगळ्यात शेवटी, म्हणजे जागा बळकावायला त्याला वेळच मिळाला नाही. प्रत्येक नवा गट आधी वेगळ्या छोट्या टबात तीन आठवडे. कोरींच्या गटात पांढरे ठिपके (माशांचा पसरणारा रोग) निघाले ते टबातच कळले. तीच यादी आज चार वर्षं नांदतेय. संध्याकाळी दिवा मंद केला की रासबोरांचा सगळा थवा डावीकडच्या झाडाखाली एका दिशेला तोंड करून थांबतो.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीला सगळं वाचून दाखवलं. तिने आधी पाणी तपासलं : पीएच ७.६, चांगलंच जड. निऑनवर तिचा फार जीव होता, पण प्रतिसाद वाचून तिनेच ते नाव खोडलं. आता यादीत ८ नर प्लॅटी, ८ झेब्रा डॅनिओ, ६ ब्राँझ कोरी आणि १ ब्रिसलनोज आहे. खडी परत केली, बारीक वाळू आणली. फिल्टर सुरू होऊन आज तेवीस दिवस झाले. अमोनिया शून्यावर आलाय, चाचणीची नायट्राइटची नळी अजून जांभळी दिसते, म्हणजे नायट्राइट अजून उरलंय. टँक रिकामा आहे आणि ती रोज सकाळी नळी उजेडात धरून बघते.