प्रश्न आयुक्तांना विचारा

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन आणि डेन्व्हरच्या महापौरांना स्थलांतरितांबाबतचं धोरण आणि सुरक्षा यावर तासन्‌तास प्रश्न विचारले. मुंबईच्या महापौरांनाही तसंच विचारा, असं काही जण म्हणतात. भावना पटते, पण विचारायचा माणूस दुसरा आहे. तिथले महापौर शहराचा कारभार चालवतात. आपल्याकडे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानुसार कार्यकारी अधिकार पालिका आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. पोलीस तर गृहखात्याचे.

घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, हे होर्डिंग १२० बाय १२०! जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, पालिका म्हणाली आमची परवानगीच नव्हती. आणि सभागृहात जाब विचारायला तेव्हा एकही नगरसेवक नव्हता, मार्च २०२२ पासून प्रशासकच कारभार बघत होते. मला हे अजून लागतं.

२२७ नगरसेवकांच्या हातात हरकतीचा मुद्दा असतो. तो मांडून प्रशासनाला सभागृहात उत्तर द्यायला लावा. अग्निशमन दल तर पालिकेचंच आहे. आपल्या वॉर्डातल्या किती इमारतींची अग्निसुरक्षा तपासणी झाली, इथून सुरुवात करा.